मी लायसन का काढत नव्हतो

आमच्या घरात चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून तेच काम जन्मभर मिळायचं. हे मला अठराव्या वर्षी कळलं, आणि असं झोंबलं की पुढं कित्येक वर्षं त्याची आग गेली नाही. लोक विचारायचे, "आरं, तू मोटारीचं लायसन का काढत न्हाईस?" मी प्रत्येकाला वेगळं कारण सांगायचो. खरं कारण एकच होतं. माझ्या चुलतभावानं ते माझ्याआधी काढलं होतं.

आमचं घर सांगवीचं. पाटाच्या पाण्यावर ऊस, आणि बारामतीच्या बाजारासाठी वांगी, कोबी, मिरची. घराचा कारभार आबांकडं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे वडील मधले, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. धाकटे चुलते आम्ही रांगत होतो तेव्हाच वारले. त्यांच्या मागं राहिली चुलती आणि तिचा एकुलता एक मुलगा. तोच हा चुलतभाऊ. तो आणि मी एकाच उन्हाळ्यात जन्मलो आणि एकाच पाळण्यात आलटून पालटून निजलो, असं आई सांगायची. पाळण्यावरूनही आमची भांडणं झालीच असणार, फक्त मला ती आठवत नाहीत.

बिनबापाचं पोर म्हणून त्याला घरात कुणी वेडंवाकडं बोलायचं नाही. दुधावरची साय त्याला. दोघांनी मिळून कुणाचे पेरू चोरले तर मार मला, कारण त्याच्यावर हात उचलायचा कसा? मी कुरकुर केली की आई डोळे वटारायची. "त्याला बाप न्हाय रं." आता यावर माणसानं काय बोलावं? मला बाप होता हा जणू माझाच गुन्हा.

पण एका बाबतीत त्याचं काही चालायचं नाही, ती म्हणजे बैलं. आमची खिलारी जोडी माझ्या हातची होती. मी हाक मारली की दावणीला उभी राहायची. दुसरा कुणी वैरण टाकायला गेला तर शिंगं पुढं. चुलतभावाला तर ती हुंगूनच ओळखायची आणि फुरफुरायची. एकदा तो हट्टानं बाजाराला गाडी घेऊन निघाला आणि गावाच्या बाहेर पडायच्या आत ती चारीत पालथी घातली. गाडीभर वांगी पाण्यात. खालच्या वस्त्यांवर त्या दिवशी घरोघर भरीत झालं. मी ती गोष्ट बेंदराला, दसऱ्याला, पाहुणे आले की, नाही आले तरी, सांगत असे. माझी तेवढीच एक मिरवायची जागा होती.

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. आबांनी पुण्याहून जीप आणली. लष्करानं काढून टाकलेली, पत्र्याला ठिकठिकाणी पोचे पडलेली, बसायच्या गाद्या फाटलेल्या. पण काय तिचा रुबाब! अख्खं गाव आमच्या अंगणात. आबांनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि संध्याकाळी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"गाडी घरची हाय, तर हाकणारा बी घरचाच पायजे," आबा म्हणाले. "भाड्याचा डायव्हर ठेवायचा न्हाय. ह्या दोघातल्या एकाला लायसन काढून देऊ."

मी टोपी नीट केली. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी हॉर्नसुद्धा वाजवला.

आबांनी विचारलं, "बैलं चांगली कोण हाकतं?"

सगळ्यांनी माझं नाव घेतलं. चुलतीनंसुद्धा घेतलं.

"मंग झालं की," आबा म्हणाले. "हा बैलांकडं राहील, आन् त्यो मोटारीकडं जाईल."

मला वाटलं, आबांच्या बोलण्यात काहीतरी उलटसुलट झालंय. मी म्हटलं, "आबा, चांगलं तर मी हाकतो."

"म्हनून तर! तुझ्याबिगर ती जोडी कुनाला जवळ येऊ देती का? तू मोटारीवर गेलास तर आमी बैलांफुडं काय, भजन करायचं? आन् ह्याच्या हाती बैलं दिली तर ह्यो पुन्यांदा चारीत घालील. मोटारीला शिंगं न्हाईत. ती त्याचं ऐकंल."

सगळे हसले. तात्याही हसले, माझा सख्खा बाप. मी उठून गोठ्यात गेलो आणि बैलांना म्हटलं, "तुमच्यापायी माझं वाटोळं झालं." ती बिचारी माझा हात चाटायला लागली.

बारामतीत लष्करातून परत आलेला एक ड्रायव्हर होता. त्याच्याकडं दोन-एक महिने शिकून चुलतभाऊ पुण्याला गेला, परीक्षा दिली आणि लायसन घेऊन एसटीतून उतरला. चुलतीनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. लायसन देवघरात ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. वाहताना बोट लागलं ते नेमकं फोटोवर, आणि त्याच्या कपाळावर कायमचा टिळा उमटला. पुढं कधी रस्त्यात पोलिसानं लायसन मागितलं की तो फोटो बघून आधी हसायचा आणि मग सोडून द्यायचा. बघा, याच्या चुकाही याच्या कामाला यायच्या.

मग सुरू झाला माझा वनवास. मी बाजाराची गाडी घेऊन मातीच्या रस्त्यानं चाललेलो असायचो, आणि मागून पोंऽऽ! बैलं बुजायची, गाडी बाभळीत घालायची. मी कासरा ओढून ओढून त्यांना सावरतोय, तोंडात धुरळा, आणि हा शेजारून जाताना हात वर करणार. राजानं प्रजेला करावा तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी येऊन मी विचारायचो, "हॉर्न कशाला वाजवतोस?" तो म्हणायचा, "न वाजवता आलो आन् तू आडवा आलास तर?" त्याचं बरोबर असायचं. हेच तर मला सहन व्हायचं नाही.

जो तो त्याच्या पुढं पुढं करायला लागला. ज्या गुरुजींनी त्याला गणितात उठाबशा काढायला लावल्या होत्या, ते म्हणायचे, "बारामतीला निघालास की आम्हाला हाक मार बरं का." पोरीबाळी पाणवठ्यावरून वळून बघायच्या. त्याला पाहायच्या की जीपला, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. दसऱ्याला आधी बैलांची पूजा व्हायची, हे माझ्या आठवणीतलं कधी चुकलं नव्हतं. त्या वर्षी आबांनी झेंडूची पहिली माळ जीपला घातली. मी बैलांच्या शिंगांना रंग देऊन, झुली चढवून त्यांना घेऊन उभा, आणि आबा जीपच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहतायत. माळ उरली ती बैलांना अर्धी अर्धी. मी त्या दिवशी सोनं वाटायला गावात गेलोच नाही.

"मजा हाय बाबा तुझी," मी त्याला म्हणायचो. टोमणाच असायचा तो.

तो फडक्यानं काच पुसत असायचा. वर न बघता म्हणायचा, "व्हय, मजा हाय."

असा राग यायचा! निदान नाही तरी म्हणावं माणसानं.

चतुर्थीला आम्ही सगळे जीपमधून मोरगावला जायचो. पुढं आबा, मागं तात्या, आई, बहिणी आणि मी, दाटीवाटीनं. चुलती घर सांभाळायला मागं राहायची. सगळा रस्ताभर मागं नुसता दंगा. शेंगा खायच्या, टरफलं एकमेकांच्या अंगावर टाकायची. तात्या आबांच्या नकला करायचे, तेही आबांच्या पाठीमागं बसून. हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग चुलतभाऊ चाकावरून मान वळवायचा. "काय झालं? ए, काय झालं?"

आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "तू फुडं बघ!"

माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

मोरगावला पोचलं की आम्ही देवळात. तो मात्र जीपपाशीच. का, तर गावची पोरं टपावर चढतात, हॉर्न दाबतात. आमची दर्शनं झाली, प्रसाद झाला, की मग तो पळत पळत जाऊन कसंबसं देवाला हात जोडून यायचा. मी बहिणींना म्हणायचो, "बघा, देवाच्या दारातसुद्धा ह्याला मोटार सोडवत न्हाय. टेंभा मिरवतोय."

आता तुम्ही म्हणाल, एवढं जळायचं तर तूही शिकायचं होतंस की. अहो, शिकायला गेलो होतो. त्यानंच होऊन विचारलं. ऊस तोडून रान मोकळं झालं होतं, तिथं त्यानं मला चाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. जीप हलली, मला आनंद झाला, आणि मग बांध जवळ यायला लागला. आता बैलगाडीवर बसायची रीत तुम्हाला माहीत असेल. पुढं धुऱ्यांच्या मध्ये पाय आखडून बसायचं, आणि गाडी थांबवायची झाली की कासरा छातीशी ओढायचा. मी तेच केलं. दोन्ही पाय वर घेतले, ते चाक छातीशी धरून मागं रेललो आणि ओरडलो, "हो! होऽऽ! थांब राजा, थांब!" जीप थांबते होय? बांध ओलांडून सरळ शेजारच्या उभ्या उसात घुसली. पुढचा दिवा फुटला.

चुलतभाऊ पोट धरून हसला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो हसला नाही. घरी जाऊन आबांना म्हणाला, "माझ्याच हातनं झालं. पाय घसरला." बोलणी त्यानं खाल्ली आणि मला डोळ्यानं गप्प केलं. मला तर तेव्हाच ठसठसायला लागलं. मोठेपणा दाखवायला याला मीच सापडलो! लायसन याचं, जीप याची, आणि आता चांगुलपणाही याचाच. मी ठरवून टाकलं, याच्या शेजारी बसून मोटार शिकायची नाही. मेलो तरी नाही. आणि दुसरं शिकवणार कोण? आबा कुणाकडं पाठवायला तयार नव्हते. घरात एक लायसन पुरं, म्हणायचे.

मग कारणं सुरू झाली. गुरुजींना सांगितलं, संध्याकाळचं मला अंधुक दिसतं. त्यांनी गाजरं खायला सांगितली. बहिणीच्या सासरी सांगितलं, आईचा मोरगावच्या गणपतीला नवस हाय, मला पोरगं होईस्तोवर मी चाकाला हात लावायचा न्हाय. ते आईच्या कानावर गेलं आणि तिनं मला चुलीपुढून फुंकणी फेकून मारली. मित्रांना सांगितलं, मोटार काय, मेलेली वस्तू. जितं जनावर हाकावं तो खरा गडी. हे बोलताना मान ताठ असायची, आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला की ती आपोआप वळायची.

माझं लग्न आधी झालं. वरातीची जीप त्यानंच चालवली. मुंडावळ्या बांधून मी मागं बसलो होतो, शेजारी माझी नवी नवरी, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला उभी असलेली माणसं बघत होती जीपकडं. माझ्या स्वतःच्या लग्नात! एक म्हातारी तर म्हणाली, "डायव्हर पोरगा झ्याक हाय." बायकोनं ऐकलं आणि ती हसली. ते हसणं मला पुढं वर्षभर पुरलं. जेवणाच्या पंगती उठल्या तेव्हा तो जीपखाली निजून काहीतरी खाटखूट करत होता. त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. ते मी पाहिलं, आणि पाहून पुढं गेलो.

त्याच्या लग्नाचं बघायला लागलो तेव्हा मात्र सगळं उलटं फिरलं.

पहिलं स्थळ इंदापूरच्या बाजूचं होतं. चांगलं घर, पाण्याखालची जमीन, मोसंबीची बाग. जीपमधून आम्ही गेलो: आबा, तात्या, आई आणि मी. मी माझ्या लग्नातला कोट घातला होता. चुलती विधवा, अशा कामाला ती पुढं यायची नाही. दारातूनच तिनं पोराला डोळे भरून बघितलं. जीप अर्थात त्यानंच चालवली. दुसरं होतं कोण? तिथं पोचलो तर रेडिएटरमधून वाफा. तो पाणी घालायला थांबला, हात काळे, सदऱ्याला डाग. आम्ही आत गेलो. घरधन्यानं रामराम घातला आणि सगळ्यांत चांगल्या गादीवर लोडाला टेकून बसवलं ते मला! विचारायला लागला, शिक्षण किती, शेतात लक्ष घालता का. मुलीला आणून माझ्यासमोर पाटावर बसवलं. मी घामाघूम.

आई म्हणाली, "आवं, ह्यो न्हवं. ह्याचं लगीन झालंय. नवरदेव भाईर गाडीपाशी हाय."

सगळ्यांनी बाहेर बघितलं. अंगणात लिंबाखाली चुलतभाऊ जीपच्या पायरीवर बसला होता, आणि त्यांच्या गड्यानं त्याला वेगळ्या तांब्यातून वरून पाणी ओतलं होतं. तो ओंजळीनं पीत होता.

मला हसू फुटलं. फुटलं म्हणजे काय, आवरेना. इतकी वर्षं जळलो होतो, देवानं एवढं तरी पदरात टाकलं म्हणायचं. मग त्यानं ओंजळ खाली केली आणि आत पाहिलं. आम्ही सगळे त्याच्याकडं बघतोय हे त्याला दिसलं, माझे दातही दिसले. तो उठला, हात सदऱ्याला पुसले, आणि तिथंच उभा राहिला. आत यावं की नाही, हे त्याला कळेना.

पोहे झाले, सुपारी झाली, आणि निघताना घरधनी आबांना बाजूला घेऊन म्हणाला, "राग मानू नका आबा. पर आमी पोरगी डायव्हरला न्हाय द्यायचो."

"आवं, घरचं पोरगं हाय. बरोबरीचा वाटेकरी हाय."

"असंल. पर ज्याच्या हातात गाडी, त्यो डायव्हरच. लोक काय म्हनत्यात, ते बघावं लागतं."

पुढचं स्थळ तर मुलगी समोर यायच्या आधीच गेलं. तिकडं कुणी सांगितलं, पोरगा मोटारीवर असतो. त्याच्या पुढचंही तसंच. परतताना मागं कुणी हसायचं नाही, आणि त्यालाही कुणी पुढं बघ म्हणायची वेळ यायची नाही.

एक दिवस चुलती चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता बोलली. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही. "तुमी माझ्या पोराला डायव्हर केला आबा. त्याला बाप असता तर त्यो बी मागं बसला असता."

ओसरीवर आबा होते, तात्या होते, मी होतो. लहानपणी आईनं मला "त्याला बाप न्हाय रं" म्हणून किती वेळा गप्प केलं होतं. दर वेळी मी चिडलो होतो. त्या दिवशी हातातली भाकरी ताटात ठेवून मी गोठ्यात गेलो.

आबांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "लायसन काढ."

कित्येक वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. मी मुद्दाम सावकाश विचारलं, "आन् बैलांकडं कोण बघंल?"

"मी बघीन. मारली शिंगं तर मारली." आबा माझ्याकडं न बघता बोलले.

मला भावाची फार कणव आली आणि म्हणून मी तयार झालो, असं कुणी समजू नये. आली असेल थोडी. पण चाक मिळणार याचा आनंद जास्त होता. लायसन माझ्याकडं, तो मागं. फिट्टंफाट.

शिकवलं त्यानंच. त्याच रानात, त्याच बांधाजवळ. या वेळी त्यानं मला पायताणं काढायला लावली. म्हणाला, "अनवानी बस. पायाला कळू दे." मग पाय ब्रेकवर ठेवून म्हणाला, "हे बघ, कासरा हातात न्हाय, हितं पायात हाय. एवढाच फरक. ओढायचा न्हाय, दाबायचा." इतकं सोपं होतं ते! कुणी आधी असं सांगितलं असतं तर? पण आधी मी ऐकून घेतलं असतं का, हाही प्रश्नच आहे.

पुण्यात परीक्षेला साहेब शेजारी बसला. सगळं नीट झालं. शेवटी गाडी थांबवताना माझ्या तोंडून हळूच निघालं, "हो... हो राजा..." साहेब म्हणाला, "मला म्हणताय?" मी नाही म्हटलं. त्यानं पास केलं.

लायसन आलं. चुलतीनंच ते देवघरात ठेवलं आणि कुंकू वाहताना फोटोला बोट लागू नये म्हणून फार जपली. माझं कपाळ कोरंच राहिलं. तेही जरा लागलंच मला.

पुढचं स्थळ भवानीनगरच्या पलीकडचं, ऊसवाल्यांचं. त्या दिवशी चुलतभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यात, अंगात माझा कोट, डोक्याला नवी टोपी. हात घासून घासून स्वच्छ केलेले. सवयीनं तो चाकाकडंच चालला होता. आबांनी दंडाला धरून मागं बसवला. मी चाकावर बसलो. गाडी सुरू करायचं हँडल त्यानं मारू नये म्हणून तात्यांनी मारलं. गावातनं निघालो तेव्हा मी पाणवठ्याजवळ उगाचच हॉर्न वाजवला. दोघी-तिघी वळल्या. सांगतो, स्वर्ग दोन बोटं उरला होता.

पाट ओलांडला आणि मागं दंगा सुरू झाला. तात्यांनी कसलीतरी नक्कल केली असणार. आई खिदळत होती. चुलतभावाचं हसणं मी इतक्या वर्षांत इतकं मोठं कधी ऐकलं नव्हतं. शेंगांची टरफलं माझ्या मानेवर येऊन पडली.

मी मान वळवली. "काय झालं? काय म्हनाले तात्या?"

सगळे ओरडले, "तू फुडं बघ!"

मी पुढं बघितलं. रस्ता होता, बाभळी होत्या, आणखी काय असणार?

तिथं पोचलो. सगळी खाली उतरली. मी उतरून कोट नीट करायला हात गळ्याशी नेला, मग आठवलं, कोट त्याच्या अंगात आहे. तेवढ्यात गावची पोरं जीपला झोंबली. आबा म्हणाले, "तू हितंच थांब. हॉर्न मोडत्याल." आणि सगळे आत गेले. चुलतभाऊ मध्ये, आमची मंडळी दोन्ही बाजूंना. तो दारात जरा थांबला, मागं वळून माझ्याकडं पाहिलं. आबांनी त्याला आत ढकललं.

मी रेडिएटरमध्ये पाणी घातलं. काच पुसली. एका गड्यानं येऊन विचारलं, "डायव्हर, पानी पायजे का?" मी म्हटलं, मी घरचा हाय. तो म्हणाला, "व्हय व्हय," आणि तांब्या उंच धरला. तहान लागली होती. मी ओंजळ केली. पोहे आले ते गार झालेले, वर खोबरं नाही. आतून एकदम हशा उठला, आणि मग सुपारी फोडल्याचा आवाज. स्थळ जमलं होतं. काय बोलणं झालं, मुलगी कशी होती, ती त्याच्याकडं बघून हसली का, मला काहीच दिसलं नाही. आमच्या घरातली सगळ्यांत मोठी गोष्ट घडत होती आणि मी एका पोराला टपावरून खाली ओढत होतो. चाकावर बसलो म्हणजे जळण्याचं ते दुखणं जाईल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ते गेलं नव्हतं. फक्त त्यानं जागा बदलली होती.

परत निघालो. मागं साखर वाटली जात होती. सगळे एकदम बोलत होते; मला अर्धं ऐकू येई, अर्धं इंजिनात जाई. मग मागून एक हात माझ्या खांद्यावरून पुढं आला. चुलतभावाचा. चिमूटभर साखर त्यानं माझ्या तोंडात घातली, कारण माझे हात चाकावर होते. आणि तिथंच वाकून, माझ्या कानाशी म्हणाला, "मजा हाय बाबा तुझी."

तो चिडवत होता की मनापासून बोलत होता, हे त्याचं तोंड बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. मी मान वळवायला गेलो.

"आरं, त्याच्याशी बोलू नगंस," आई मागून ओरडली. "त्याला फुडं बघू दी!"

समोरून एक बैलगाडी येत होती. पोरगेला गाडीवान आखडून बसला होता, कासरा छातीशी धरून, आणि माझ्याकडं बघत होता. मी पाय दाबला, जीप हळू केली. बैलं बुजली नाहीत. गाडी शेजारून गेली.

"व्हय," मी म्हटलं, "मजा हाय."